ब्रेकवरचा पाय

"दाबा."

टँकरच्या मागचे दोन्ही लाल दिवे लागले.

"सोडा."

दिवे तसेच.

"निकमकाका, ब्रेक सोडा."

"सोडला, बाय," केबिनमधून आवाज आला.

दिवे लागलेलेच होते. माझ्यामागे यार्डात उभे असलेले ड्रायव्हर फिदीफिदी हसायला लागले. मी हातातली शिट्टी वाजवली, तरी हसू थांबलं नाही.

"अहो, दिवे चालू आहेत अजून."

"मग दिव्याला सांग की गो. मी सोडलाय."

आता तर सगळेच मोठ्याने हसले. पोपट भोसले नावाचा मंगळवेढ्याचा एक ड्रायव्हर होता, तो म्हणाला, "मॅडम, काकांचा ब्रेक त्यांच्यासारखाच हाय. एकदा बसला की उठत न्हाई."

मी शिट्टी पुन्हा तोंडात धरली. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या यार्डात ड्रायव्हरांसमोर रडणं मला परवडणारं नव्हतं.

कशेडीचा बोगदा तेव्हा झाला नव्हता. महाडकडे जाणारी प्रत्येक गाडी घाट चढून उतरूनच जायची, आणि आमचे टँकर जायचे ते ॲसिड भरून. अनंतशेठ हे आमचे मालक. ज्या कारखान्याचं ॲसिड आम्ही वाहायचो, त्या कारखान्याने त्यांना कळवलं होतं की यंदा रस्ता सुरक्षा सप्ताहात परिवहन खात्याचं पथक हायवेवर गाड्या तपासणार आहे. तिथे ज्या वाहतूकदाराच्या गाड्यांवर शेरा येईल त्याला पुढच्या वर्षी काम मिळणार नाही. म्हणून अनंतशेठनी मला नेमलं. इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा करून मी घरी बसले होते. नेमताना ते एवढंच म्हणाले, "शिर्केबाई, मला पास झालेल्या गाड्या पाहिजेत. कशा करायच्या ते तुम्ही बघा."

मी बघायला लागले. पहिल्या दिवशी प्रत्येक गाडीतली प्रथमोपचाराची पेटी उघडून दाखवायला सांगितली. एकीत दाढीचं सामान निघालं, एकीत कांदे. आग विझवायचं नळकांडं एका गाडीत होतं, पण ते दाराला टेकण म्हणून लावलं होतं. चाकाखाली घालायचे लाकडी ठोकळे चुलीत गेले होते. हे सगळं मी बदलून घेतलं. टाकीत कुठलं ॲसिड आहे, ते अंगावर उडालं तर काय करायचं, हे पाठ करून घेतलं. दिगंबर म्हणून एक ड्रायव्हर होता, तो तोंडावर म्हणायचा, "वीस वर्षं गाडी चालवतोय, आता शाळेत घातलं काय आम्हाला?" मी ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तेच विचारायचे. रोज सकाळी गाड्या सुटायच्या आधी यार्डात खोटी तपासणी. मी निरीक्षक, ते ड्रायव्हर. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, हॉर्न, वायपर, ब्रेक दाबा, ब्रेक सोडा.

हळूहळू सगळे ताळ्यावर आले. राहिले फक्त सीताराम निकम.

निकमकाका सगळ्यांत जुने. मूळचे मंडणगडचे. कशेडीचं एकेक वळण त्यांना ठाऊक. तरुण ड्रायव्हर पहिल्यांदा घाटात जायचा तेव्हा शेठ त्याला निकमकाकांच्या गाडीमागून पाठवायचे. उंच, हडकुळे, गालावर पांढरे खुंट, पायात कायम रबरी चप्पल. मी बूट घालायला सांगितलं तर म्हणाले, "बुटात पाय गरगरतो." माझ्याशी ते कधी वाकडं बोलले नाहीत. बाकीचे मॅडम म्हणायचे, ते बाय म्हणायचे. पेटी, नळकांडं, ठोकळे, सगळं त्यांच्या गाडीत जागच्या जागी. फक्त ब्रेकचा दिवा विझायचा नाही. आणि ते काका असल्यामुळे बाकीच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याने बाईची चांगली जिरवली.

वर्कशॉपचा फोरमन इक्बाल. त्याला मी चार वेळा त्या गाडीखाली घातलं. त्याने ब्रेक लाइटचा स्विच बदलला. मग वायर बदलली. मग स्वतः केबिनमध्ये बसून दाबून, सोडून दाखवलं. दिवे बरोबर लागायचे, बरोबर विझायचे.

"गाडीत काय नाही मॅडम," तो हात पुसत म्हणाला. "आणि या म्हाताऱ्याच्या गाडीच्या ब्रेकचे लायनर मी किती घालायचे? सगळ्यांच्या आधी यांचे जळतात. विचारलं तर म्हणतो, तुझा मालच खराब. आता दिवापण माझाच खराब."

"मग दिवा का विझत नाही?"

"ते त्यांना विचारा. मी बसलो की विझतो. पोपट बसला की विझतो."

याचा अर्थ मला एकच लागला. मी त्याच दुपारी निकमकाकांना गाठलं. ते टपरीवरच्या बाकावर बसले होते, समोर चहा.

"काका, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे," मी म्हणाले. "तुम्हाला माझी चेष्टा करायची असेल तर खुशाल करा, पण तपासणी झाल्यावर करा. तुमच्या एका गाडीवर शेरा आला तर सगळ्यांचं काम जाईल. मग माझं काय, पोपटचं काय, कुणाचंच काही राहणार नाही."

त्यांनी कप खाली ठेवला.

"चेष्टा नाय गो बाय."

"मग काय आहे?"

ते टपरीच्या पत्र्याकडे बघत राहिले. "बघतो मी," म्हणाले. "तपासणीला विझेल दिवा."

"कसा विझेल? इक्बाल म्हणतो गाडीत दोष नाही."

"मी म्हणतो ना, विझेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे मनात आलं की विझवता येतो, आणि इतके दिवस मुद्दाम विझवला नाही. मी तिथून तशीच निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यार्डात आले तेव्हा बाकी कुणी आलं नव्हतं. निकमकाकांची गाडी भिंतीला पाठ लावून उभी होती आणि मागच्या भिंतीवर लाल उजेड पडत होता, जात होता, पडत होता, जात होता. ते एकटे बसून सराव करत होते. मला बरं वाटलं. बोललेलं लागलं म्हणायचं, असं मनाशी म्हटलं. त्या दिवशीच्या तपासणीत मी "सोडा" म्हटल्यावर दिवे विझले. जरा उशिरा, पण विझले. पोपटने टाळ्या वाजवल्या. निकमकाका केबिनमधून बाहेर आले नाहीत.

सप्ताह लागला. पथक भरणे नाक्याच्या पुढे, घाट चढायच्या आधी हायवेलगतच्या मोकळ्या मैदानात उभं राहणार असं कळलं होतं. अनंतशेठनी मला तिथे हजर राहायला सांगितलं. मांडव घातला होता, बॅनर लावला होता, एका टेबलावर गुलाबाच्या फुलांची बादली होती. ज्याची गाडी निर्दोष निघेल त्या ड्रायव्हरला फूल द्यायचं ठरलं होतं.

निरीक्षक कुंभार साहेब कामाचा माणूस निघाला. स्वतः चाकाखाली वाकून बघत होते. एका खासगी बसला त्यांनी बाजूला काढून ठेवलं होतं आणि तिचा ड्रायव्हर सगळ्यांना फोन लावत होता. आमची पहिली गाडी पोपटची. पण पोपटने एकही विनोद न करता सगळी उत्तरं दिली आणि फूल घेऊन गेला. दिगंबर पास झाला. आणखी दोघं झाले. प्रत्येक गाडी मैदानातून बाहेर पडली की माझा जीव थोडा थोडा भांड्यात पडत होता.

निकमकाकांची गाडी शेवटची. कागद बघितले, टायर बघितले, टाकीचे व्हॉल्व्ह बघितले. कुंभार साहेब मागे गेले. हायवेवरून गाड्यांचा एवढा आवाज येत होता की त्यांचं बोलणं पुढे ऐकू जाईना. त्यांनी मला हाक मारली.

"मॅडम, तुम्ही केबिनपाशी उभ्या राहा. मी हात करीन तसं ड्रायव्हरला सांगा."

आजवर यार्डात मी कायम गाडीच्या मागे उभी राहत आले होते. दिवे मागे असतात, म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा ड्रायव्हरच्या दारापाशी उभी राहिले. दार उघडं होतं. निकमकाकांचे पाय माझ्या छातीच्या उंचीवर होते.

साहेबांनी हात वर केला. "दाबा," मी म्हणाले.

त्यांनी खाली वाकून आधी पायाकडे बघितलं, मग दाबला.

साहेबांनी हात खाली केला. "सोडा."

निकमकाकांनी उजव्या हाताने मांडीवरची पॅंट गुडघ्यापाशी पकडली आणि पाय उचलला. एखादं गाठोडं उचलून बाजूला ठेवावं तसा तो उचलून बाजूला ठेवला.

"ओके," मागून आवाज आला. "एकदम ओके."

मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि नजर समोर काचेवर नेली.

कुंभार साहेब पुढे आले. "काका, तुमच्या वयात एवढी व्यवस्थित गाडी ठेवलेला माणूस मी या आठवड्यात बघितला नाही," म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने फूल दिलं. कुणीतरी फोटो काढला. फूल हातात धरून निकमकाका हसले.

साहेब मांडवाकडे गेल्यावर मी दुसऱ्या बाजूने केबिनमध्ये चढले आणि दार ओढून घेतलं.

"पायाला काय झालंय, काका?"

"काय नाय."

"मी बघितलं आत्ता."

"बघितलंस तर विचारतेस कशाला?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "साखर हाय. बरीच वर्षं झाली. गोळ्या घेतो कधीमधी. आधी मुंग्या यायच्या, आता त्या पण येत नाय. पण चालवायला काय अडत नाय गो. गुडघ्यापासून वर सगळं कळतं मला. इतकी वर्षं चालवली, पाय आपणहून जातो जागेवर."

"जातो, पण उठत नाही."

त्यांनी हातातलं फूल उलटसुलट फिरवलं.

"यार्डात मी सोडा म्हणायचे तेव्हा तुम्हाला खरंच वाटायचं, सोडलाय म्हणून?"

"सोडलाच होता की. मला तर तसंच वाटायचं." त्यांनी फूल डॅशबोर्डवर ठेवलं. "तू टपरीवर बोललीस त्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीकडं गाडी लावून बसलो, तर आरशात लाल उजेड दिसला. तेव्हा कळलं, पाय ब्रेकवरच हाय म्हणून."

इक्बालचे लायनर का जळत होते ते मला तेव्हा समजलं. घाट उतरताना पाय पूर्ण उठतच नव्हता. ब्रेक सबंध उतारभर घासत, तापत जायचा. आणि फार तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही, हे मी या माणसांना रोज सकाळी शिकवत होते.

"चप्पल काढा बरं," मी म्हणाले.

"कशाला?"

"काढा."

त्यांनी उजवी चप्पल काढली. अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड फुटून काळा पडला होता. कडेने ओलं होतं. केबिनचा पत्रा इंजिनच्या बाजूला तापतो, चप्पल निसटून तिथे टेकून भाजलं असणार.

"हे कधी झालं?"

"काय?" ते म्हणाले, आणि वाकून बघायला लागले.

मी खाली उतरले. मांडवात कुंभार साहेब पाणी पीत होते. मी त्यांना सांगितलं, ड्रायव्हरला पायाची संवेदना नाही, ही गाडी थांबवा.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच माझ्या गाडीवर तक्रार घेऊन आलेय, आणि खरं तर तसंच होतं. "मॅडम, लायसन्स चालू आहे. वैद्यकीय दाखला चालू आहे. त्यावर डॉक्टरची सही आहे. मी डॉक्टर नाही. गाडी बघायची ती मी बघितली."

"पण साहेब, पुढे घाट आहे. टाकीत ॲसिड आहे."

"म्हणून तर म्हणतो. ड्रायव्हर तुमचा, गाडी तुमची. तुम्हाला एवढं कळलंय तर तुम्ही थांबवा. मला कशाला विचारता?"

मी शेठना फोन लावला. ते खुशीत होते, त्यांना फोटो पोचला होता.

"शिर्केबाई, फूल मिळालं ना निकमला?"

मी सगळं सांगितलं.

"पास झाला ना तो?" ते म्हणाले.

"हो, पण..."

"सरकारने पास केला, आणि तुम्ही नापास करताय? आज कारखान्याची माणसं महाडला गाडीची वाट बघतायत. आजच्या दिवशी गाडी थांबली तर काय सांगू मी त्यांना? जाऊ दे आज. आल्यावर बघू. मी बोलतो त्याच्याशी."

"शेठ, आज काही झालं तर?"

"इतकी वर्षं काही झालं नाही." फोन बंद झाला.

मी मैदानाच्या मधोमध उभी होते. सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि प्रत्येकाचं बोट शेवटी माझ्यावर येऊन थांबत होतं. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. शेठचा, साहेबांचा, पायाला हात न लावता दाखला देणाऱ्या त्या न बघितलेल्या डॉक्टरचा. सगळ्यांत जास्त निकमकाकांचा आला. इतके दिवस हा माणूस मला "सोडला, बाय" म्हणत होता.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं.

मी धावत गेले आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "काका, बंद करा."

"शेठचा मला पण आला फोन. जा म्हणाले."

"दोन मिनिटं बंद करा. मग जा."

"बाय, उगाच तमाशा करू नको. लोक बघतायत."

"दोनच मिनिटं. पाय असे बाहेर करा."

त्यांनी इंजिन चालूच ठेवलं, पण हँडब्रेक लावून सीटवर माझ्या बाजूला वळले. दोन्ही पाय दाराबाहेर लोंबते.

"डोळे मिटा," मी म्हणाले. "मी हात लावला की सांगायचं, लावलास म्हणून."

"पाया पडतेस काय?" ते हसले. "आशीर्वाद देतो, पण जाऊ दे मला."

"मिटा डोळे."

त्यांनी मिटले. मी गुडघ्याला हात लावला.

"लावलास."

पोटरीला लावला.

"लावलास. बघ, मी म्हटलं ना."

घोट्याच्या वर बोट टेकवलं. ते थांबले. "हं. वाटतंय कायतरी."

मग मी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला आणि नख रुतेल एवढा दाबला.

ते डोळे मिटून बसले होते. चेहरा शांत. हायवेवरून एक ट्रक गेला, मग दुसरा. मी आणखी जोराने दाबला.

"लाव की गो," ते म्हणाले. "वेळ जातोय."

"कधीचा लावलाय, काका."

त्यांनी डोळे उघडले. खाली बघितलं. माझ्या नखाखाली अंगठा पांढरा पडला होता. ते माझ्या बोटांकडे बघत राहिले, जसं काही ते पाऊल दुसऱ्याच कुणाचं होतं. मी हात काढला तेव्हा नखाची खूण तिथे तशीच राहिली. त्यांनी वाकून त्या खुणेवरून स्वतःच्या हाताचा अंगठा फिरवला.

"गेल्या महिन्यात," ते म्हणाले, "उतारावर जळका वास आला. मी म्हटलं इक्बालचा माल." मग घाटाच्या दिशेने बघितलं. "पुढं एस. टी. होती. धामणदेवीच्या अलीकडं. थांबली गाडी, पण लय उशिरा थांबली."

मी दार पूर्ण उघडून धरलं.

"उतरलो तर मी कुठं जाऊ, सांग," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "घर हाय गावाला. बायको गेल्यापासून बंद हाय. पोरी आपापल्या घरी. मी इथंच झोपतो, इथंच जेवतो. गावाला गेलो की एक रात्र काढून परत येतो. तिथं भांडं वाजलं तरी माझंच वाजतं."

डिप्लोमात असलं काही नव्हतं आणि आजही असेल असं वाटत नाही. मी नुसती दार धरून उभी राहिले. त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं असतं तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. चाकासमोर उभी राहिले असते कदाचित. पण त्यांनी हात मागे नेला आणि इंजिन बंद केलं. मग हाताने पॅंट धरून एकेक पाय फूटबोर्डवर ठेवत, खाली बघत बघत, ते उतरले.

त्या दिवशी टँकर संध्याकाळपर्यंत मैदानात उभा राहिला. मग महाडहून गाडी रिकामी करून परत येणाऱ्या एका ड्रायव्हरला शेठनी फोन करून त्या टँकरवर पाठवलं. काम गेलं नाही, कारण शेरा कुठल्याच गाडीवर आला नव्हता. त्यामुळे शेठनी मलाही काढलं नाही. पण यार्डात कुणी माझ्याशी बोलेना. निकमकाकांना पोपट चिपळूणला दवाखान्यात घेऊन गेला. जखम हाडापर्यंत गेली होती, अंगठा काढावा लागला. ड्रायव्हरांमध्ये वेगळीच गोष्ट पसरली. बाईने म्हाताऱ्याला गाडीवरून उतरवलं आणि त्या धक्क्याने त्याचा पाय गेला. दिगंबर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा, "फूल मिळालेला माणूस घरी बसवला हिनं."

मी शेठना सांगितलं, सगळ्यांचे पाय तपासायला हवेत. डॉक्टर बोलवा. ते म्हणाले, "तुम्हाला ब्रेक बघायला ठेवलंय, पाय बघायला नाही." मी म्हणाले, मग सकाळच्या तपासणीत मीच बघते. त्यांनी हात झटकला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना गाड्यांपुढे बोलावलं आणि चप्पल-बूट काढायला सांगितले. कुणी हललं नाही.

"मॅडम, पायाला हात लावायचा न्हाई," पोपट म्हणाला. या वेळी तो चेष्टा करत नव्हता. "बाईमाणसानं पायाला हात लावलेला बरा दिसत न्हाई. घरी कळलं तर काय म्हणतील."

"मी पाया पडत नाहीये. तपासतेय."

"तरी पण."

"आणि सापडलं काही तर?" दिगंबर म्हणाला. "म्हणजे आमचं पण निकमकाका करणार. शहाणा माणूस कशाला देईल पाय?"

मी समजावलं. चिडले. कशेडीचं नाव घेतलं, त्यांच्या बायकापोरांचं नाव घेतलं. ते खाली मान घालून उभे राहायचे आणि मी थांबले की गाड्यांकडे जायचे. असं रोज चाललं. मी बोलवायचं सोडून दिलं नाही, एवढंच. पण कुणी चप्पल काढेल अशी आशा उरली नव्हती. राजीनामा लिहावा असं मनात यायला लागलं होतं.

एका सकाळी मी अशीच बोलत असताना फाटकातून रिक्षा आत आली. निकमकाका उतरले. काखेत कुबडी, उजव्या पायाला मोठं बँडेज, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. ते त्यांचं अंथरूण आणि स्टोव्ह न्यायला आले होते. सगळे त्यांच्याभोवती जमले. कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची आणली. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"काय चाललंय?" त्यांनी पोपटला विचारलं.

"पाय तपासायचेत मॅडमना. आम्ही नको म्हणतोय."

"का नको?"

पोपट चपलेने माती उकरायला लागला.

निकमकाका खुर्चीत बसले नाहीत. कुबडी बाजूला ठेवून, इक्बालच्या खांद्याचा आधार घेऊन, ते हळूहळू जमिनीवर बसले. बँडेजचा पाय समोर लांब केला. यार्डातल्या त्या तेलकट मातीत हा एवढा उंच माणूस बसलेला बघून सगळे अवघडले.

"पोपट, तू ये. बस त्या खुर्चीत," ते म्हणाले. "चप्पल काढ. डोळे मीट."

"काका, तुम्ही माझ्या पायाला..."

"मीट."

पोपट बसला. निकमकाकांनी त्याच्या अंगठ्याला बोट लावताच तो पाय ओढून खिदळला. "गुदगुल्या होत्यात." सगळे हसले. निकमकाकाही हसले. मग इक्बाल बसला, मग एक जण, मग आणखी एक. कुणी "लावलं" म्हणे, कुणी आधीच हसे. इतक्या दिवसांनी यार्ड मोकळं झालं. चपलांची एक रांग लागली.

दिगंबर मागे रेंगाळत होता. लोकांनी ढकलून त्याला पुढे आणलं. तो खुर्चीत बसला, कुरकुरत सॅंडल काढली आणि डोळे मिटून घेतले.

निकमकाकांनी त्याच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. मग दाबलं.

लोक अजून हसत होते. कुणीतरी पोपटची नक्कल करत होतं. हळूहळू एकेक जण गप्प झाला.

"लावा की काका," दिगंबर म्हणाला.

निकमकाकांनी बोट काढलं नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मग दुसरा हात दिगंबरच्या गुडघ्यावर ठेवला.

"डोळे उघड, बाबा," ते म्हणाले. "सावकाश उघड."